शिवेबाहेरचा डाव

त्या संध्याकाळी आम्ही नवराबायको कुळथाची पिठी आणि भात जेवलो आणि पडवीत पत्त्यांचा एक डाव खेळलो. दोघांनी मिळून केलेली ती शेवटची गोष्ट. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर आणखी एक डाव मांडला असता.

थंडीचे दिवस होते. ती माझा जुना कोट लुगड्यावर घालून बसली होती. तिला दम लागायचा, म्हणून पाठीला भाताची कणगी. मधे कंदील, आणि दोघांपुढे काजूच्या बियांचा एकेक ढीग. पाच पानं हातात आली, नको ती टाकून नवी घेतली, तरी माझ्याकडे साधी जोडीसुद्धा नव्हती. आणि मी समोरच्या सगळ्या बिया पुढे सारल्या. आपणहून, जन्मात पहिल्यांदा. का सारल्या ते मला सांगता यायचं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आपली पानं पालथी टाकली.

"घेवा. आज तुमचो दिस."

"बघूचां नाय तुका, माझ्याकडे काय आसा ता?"

"नको," म्हणाली. मग हसली. "शिकलात."

ती फसली की मला जिंकू दिलं, देवाला ठाऊक. तिला कोणी फसवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी बिया पिशवीत भरल्या, गोठ्यात जाऊन म्हशीपुढे गवत टाकलं. परत आलो तोवर ती झोपली होती. सकाळी उठली नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. लिहिण्याची सवय नाही. पण तिच्याबद्दल गावात लोक जे बोलतात त्यात अर्धं चूक असतं. कोण म्हणतो जुगारी होती, कोण म्हणतो डोक्याने जरा अशी होती. अशी होती हे खरं. पण कशी, ते मला विचारा.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत लुगड्यांखाली पत्त्यांचा कॅट होता. तिचा बाप परदेशी बोटीवर बटलर. वर्षा-दीड वर्षाने घरी यायचा. आई लहानपणीच गेलेली. सुटीवर आलेल्या बापाला खेळायला दुसरं कोणी नाही, म्हणून त्याने मुलीला पोकर शिकवला. दुसरे बाप मुलीला पाटल्या देतात. ह्याने हे दिलं.

पोकर आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हता. गणपतीत पुरुष मंडळी तीनशे चार खेळायची, रमी खेळायची. हा खेळ तिने मला शिकवला. तसा सोपा आहे. पाच पानं वाटायची, एकदा बदलून घ्यायची. मग ज्याला वाटेल त्याने चाल करायची, म्हणजे बिया पुढे सारायच्या. समोरच्याने तेवढ्याच साराव्यात, नाहीतर पानं टाकून द्यावीत. टाकली तर तुमची पानं कशी का असेनात, डाव तुमचा. सगळी गंमत त्या 'कशी का असेनात'मध्ये आहे.

आमचा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घराचा कारभारी. देवळातला मानकरी. घर त्याचं, बाग त्याची, शब्द त्याचा. त्याला हे पटायचं नाही.

"ह्या घरात जुगार नको," तो म्हणाला.

ती आडोशाला उभी राहून म्हणाली, "भावोजी, बियो तुमच्याच झाडाच्यो. मी हरलंय तरी तुमच्याच पोत्यात जातत, हे हरले तरी तुमच्याच पोत्यात. जुगार झालो खंय?"

दादा बाहेर निघून गेला आणि गड्यावर ओरडला.

ती फार कमी खेळायची. म्हणजे बसायची रोज, दिवे लागले, जेवणं झाली की बसायचीच. पण डावामागून डाव पानं टाकून द्यायची. मी कंटाळायचो.

"खेळतंस काय झोपतंस गो?"

"थांबतंय," म्हणायची. "थांबणा म्हणजे खेळणाच आसा."

आणि मग मधेच कधीतरी अशी चाल करायची की मी हातातली पानं परत परत बघायचो. दोन बिया सारून समोरच्याचं तोंड बघत बसणारा माणूस तिला आवडत नसे. म्हणायची, "अर्धीमुर्धी चाल करू नकात. तेच्यान समोरच्याक इचार करूक येळ गावता. करूची तर अशी करूची, काय तो पानां धरून बसान घामेजूक व्हयो." चांगली पानं आली की लोक ती लपवतात, हळूच पुढे काढू म्हणतात. ते तिला पटत नसे. "बरां पान सुक्या बांगड्यासारखां ठेवन कित्याक देतास? तुमी भायर काढतास तवसर समोरचो उठान गेलेलो आसता."

खोटी चाल कधी करायची, तेही तिचं ठरलेलं. रोज रोज नाही. समोरच्याने एकदा कचरून पानं दुमडली, परत उघडली, परत दुमडली, की तो आपल्या मनात हरलेला आहे. तेव्हा करायची. जो गप्प बसून दोनच बिया सारतो आणि तुमच्याकडे बघतही नाही, त्याच्यावर करायची नाही. तो वाट बघतोय. आणि जो कधी चाल करत नाही, त्याने केली, तर मुकाट पानं टाकायची.

पानं वाटली की मी आधी माझी उचलायचो. ती उचलत नसे. ती माझं तोंड बघायची. तिने शिकवलेल्या गावातल्या बायका खेळायला आल्या तर सगळ्यांची तोंडं बघून व्हायची, मग आपली पानं एकदाच बघून गुडघ्याखाली सरकवायची.

"अगो, आधी तुझी बग."

"माझी पळान जातत काय? आसत थंयच आसतली. तुमचां तोंड मात्र बदलता."

आणि बसायची अशी की आधी मी बोलेन, म्हणजे चाल करेन, मग ती. तिच्या त्या बाजूला उजेड कमी होता, वारा लागायचा, तरी जागा बदलायची नाही. घरातसुद्धा तेच. पाहुणे आले, सोयरीक आली, वैद्य आला, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ही चूल फुंकत राहणार. शेवटी दोन शब्द बोलणार. आणि तेच व्हायचं.

माणसांना पानांची नावं ठेवायची. दादा म्हणजे किलवरचा राजा. शेजारचा भांडकुदळ म्हातारा, इस्पिकचा गुलाम. मी कोण, विचारलं तर म्हणाली, "तुमी सत्ती."

"सत्तीच कित्याक? निदान धा तरी कर."

"सत्ती बरी. कोण बघणा नाय तिच्याकडे. नि दोन सत्ये जमले काय कामाक येतत."

मला राग आला होता. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग हसलो.

मासे घ्यायला ती आचऱ्याच्या बाजारात जायची. आम्ही आचऱ्याच्या पलीकडचे, चालत तासाभराची वाट. मासेवालीने भाव सांगितला की ही गप्प. दुसऱ्यांदा सांगितला की गप्प. मग आपला भाव एकदा सांगायची. नाही म्हटलं की उठायची आणि चालू लागायची. मागे वळायची नाही. मासेवालीही वळायची नाही. मग आम्ही नुसत्या सोलकढीवर जेवायचो. मासळीच्या दिवसांत मासळीशिवाय जेवण म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. दादा ताटावरून अर्धा जेवून उठायचा. मी एकदा ओरडलो.

"अगो, चार पावलां जावन परत फिरलंस तर काय नाक कापतला?"

"उठलंय तर खरां उठूक व्हयां," म्हणाली. "एकदा उठान परत बसलंय, काय मगे जल्मात माका कोण भियाचो नाय."

पहिलं वर्ष असंच गेलं. पुढे ती नुसती उठायला गुडघ्यावर हात ठेवायची, तर मासेवाल्या ओरडायच्या, "बस गे माये, बस. तुझां खरां. घेवन जा."

मी वाईट खेळायचो. माझी खोड अशी की मी पानं टाकतच नसे. हातात काही नसलं तरी ती सारेल तेवढ्या बिया शेवटपर्यंत सारत राहायचो, कारण तिच्याकडे काय आहे ते बघायचं असायचं. सगळ्या बिया जायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "गावातल्या बायकांका इतकी फसवतंस. माका कधी खोटी चाल करून हरवलंस नाय?"

ती पानं वाटत होती. वाटता वाटता म्हणाली, "तुमच्यार चाल करून काय उपेग? तुमी सोडूचेच नाय. जो सोडता तेच्यार चाल करूची. जो सोडणा नाय, तेच्यावांगडा खऱ्या पानांनीच खेळूक लागता." आणि पान टाकून म्हणाली, "तुमच्यावांगडा मी खोटां खेळणंय नाय."

चाळीस वर्षांच्या आसपास संसार झाला आमचा. त्यात तिने मला गोड असं हे एवढंच म्हटलं असेल. मला पुरलं.

आता चेडवाचं सांगतो. आम्हाला एकच मुलगी. तिला दादानेच मुंबईला आतेकडे पाठवली, नर्सचं शिक म्हणून. तिथे तिने लग्न केलं. मुलगा आमच्यातला नव्हता. एवढंच. माणूस चांगला, दारू नाही, काही नाही. पण दादाने देवळात नारळ ठेवून सगळ्या मानकऱ्यांसमोर देवाला शब्द दिला. माझ्या जिवंतपणी ही मुलगी ह्या गावच्या शिवेच्या आत पाय ठेवणार नाही. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. पुढची सात-आठ वर्षं मुलगी आली नाही.

मी बायकोला म्हटलं, चल, आपण मुंबईला जाऊ. बोटीत बसू, भेटून येऊ. दादाला काय कळतंय?

"नाय," म्हणाली.

"कित्याक नाय? तुका भेटूचां नाय तिका?"

तिचे डोळे भरले. पण म्हणाली, "चोरून भेटलंव तर ती चोर झाली. तिका घर आसा. ती घराक येतली."

त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं. देवाला नमस्कार करताना तेच, भात सडताना तेच. मुलगी ह्या घरात यायला हवी, आणि दादाने तिला 'ये' म्हणायला हवं. दादाला ओलांडून नव्हे. मी म्हणायचो, तू दगडाला पाझर फोडायला बघतेस. ती म्हणायची, दगड नाही तो, राजा आहे. त्याच्याकडे पान काय आहे ते त्यालाच माहीत नाही.

आमच्या गावात तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की ढोल वाजतो आणि सगळा गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झाडून सगळे. तीन रात्री माळावर नारळाच्या झावळ्यांच्या झोपड्यांत काढायच्या. चौथ्या दिवशी परत कौल घेतात, देवाने हो म्हटलं की परत फिरायचं. तीन दिवस गावात कोणी म्हणून नसतं. लोक म्हणतात देव तेव्हा गावात एकटा असतो.

त्या वर्षी, साठ-एकसष्टच्या सुमारास, आमची झोपडी मी शिवेच्या ओहळाला लागूनच बांधली. ती म्हणाली, जरा मोठी बांधा.

"दोन माणसांक कितकी मोठी?"

"बांधा तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओहळावर तोंड धूत होतो, तर आचऱ्याच्या वाटेने एक बाई डोक्यावर ट्रंक घेऊन चालत येताना दिसली. चालीवरून ओळखली. माझं चेडू. आईने कार्ड टाकलं होतं, मला पत्ता नव्हता. मुंबईहून बोटीने मालवण, मालवणहून एसटीने आचरा, पुढे पायी. मी ट्रंक उतरून घेतली आणि तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

घटकाभरात माळभर झालं. दादा आला. मागून दहा-पंधरा माणसं आली.

"ही हय कशी?"

ती पदर सावरून झोपडीच्या तोंडाशी उभी राहिली. "भावोजी, ओहळ थंय आसा. आमी हय. तुमचो शब्द कोणी मोडूक नाय."

गर्दीतला एक म्हातारा मानकरी हसायला लागला. "शब्द तुझोच रे बाबा. शिवेच्या आत म्हणालंस. आज आपण सगळेच भायर आसंव. तू तरी खंय आत आसस?"

लोक हसले. दादा पाय आपटत आपल्या झोपडीकडे गेला.

मी तिच्या मागे उभा होतो म्हणून मला दिसलं. पुढच्या हाताने तिने पदर धरला होता. मागच्या हाताने झोपडीचा वासा धरला होता, आणि नखांनी त्याची साल सोलत होती. तोंडावर काही नव्हतं. काही म्हणजे काही नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं झोपडीबाहेर पोकर खेळायला बसलो. मुलीला आईनेच लहानपणी शिकवलेला. माळावर सगळीकडे चुली, कोण भजन म्हणतंय, कोण फुगडी घालतंय. गावपळणीत घरातल्यासारखं कडक कोणी वागत नाही. दादा एकटाच आपल्या झोपडीपुढे बसला होता. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलंबाळं नाहीत.

तिने हाक मारली. "भावोजी, येवा. चवथो माणूस गावणा नाय."

मला वाटलं आता परत भांडण. पण दादा उठला. कशाला, ते त्याला विचारायला हवं. येऊन बसला. मुलीकडे बघितलं नाही. बायकोने त्याला दोन वाक्यांत खेळ सांगितला आणि त्याच्यापुढे ओंजळभर बिया ठेवल्या.

दादा कसा खेळणार? सगळ्यांवर चाल, दर डावाला चाल. पानं बघितली न बघितली की बिया पुढे. आजूबाजूला माणसं येऊन उभी राहिली, तशा आणखी बिया पुढे. एका डावात मी टाकली, तिने टाकली, उरले दादा आणि मुलगी. दादाने सारल्या, मुलीने सारल्या. दादाने आणखी सारल्या. त्याच्या हातात काही नाही हे माझ्यासारख्यालासुद्धा कळलं, पण एवढी माणसं मागे उभी, तो पानं कशी टाकणार? शेवटी पानं उलटली. मुलीकडे तीन नव्वे. दादाकडे राजा होता, एकटा.

लोक हसले. मुलीने सगळा ढीग दोन्ही हातांनी त्याच्यापुढे सारला.

"आबा, घेवा. खेळूक तरी व्हयेत."

आबा ही तिची लहानपणची हाक. दादाने बिया घेतल्या. आणि मग आणखी बराच वेळ बसला.

चौथ्या दिवशी कौल झाला, ढोल वाजला. गुरं सोडली, कोंबड्या टोपल्यांत घातल्या, सगळा माळ गावाकडे चालू लागला. मुलीने ट्रंक उचलली आणि ती आचऱ्याच्या वाटेला लागली. दादा ओहळाच्या काठावर उभा होता. तो मुलीच्या पाठीकडे बघत होता, मी स्वतः बघितलं. तिची आई त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर. मला वाटलं आता बोलेल. ती म्हशीचं दावं धरून ओहळ ओलांडून आली.

मला घरी येईपर्यंत दम निघाला नाही. "आता बोलूचां होतां! तो इरघळलो होतो. एक शब्द टाकलंस असतो तर..."

"आता न्हय."

"मगे कधी?"

"थंय सगळो गाव होतो. इतक्या लोकांत तो नायच म्हणतलो. नि एकदा तोंडान नाय म्हटल्यार, परत होय म्हणूक तेकाच जड जातलां." मग चूल पेटवता पेटवता म्हणाली, "एकटो गावाक व्हयो."

आणि ती त्याच्या एकटेपणाची वाट बघत बसली. मानकऱ्याला एकटा गाठणं सोपं नसतं. पडवीत कोणी ना कोणी बसलेलं. कोणाचा बांध, कोणाची वाटणी, कोणाचं देवाचं काम. एकदा सकाळी दादा गोठ्यात वासरू बघायला एकटाच गेला. ती दुधाचं भांडं घेऊन मागून गेली. मी पडवीत कान देऊन बसलो. थोड्या वेळाने ती भांडं घेऊन परत आली.

"बोललंस?"

"तोंड उघडलंय, नि बागेतलो गडी हाक मारीत इलो."

"मगे?"

"मगे काय? दूध काढलंय."

तसं पुढे दोन-तीन वर्षं. मधे तिला दम लागायला लागला. कट्टा गावच्या डॉक्टरने औषध दिलं, चालू नका म्हणून सांगितलं. मुलीची कार्डं यायची, ती वाचायची आणि उशाखाली ठेवायची. 'आये, कधी येऊ?' असं मुलगी कधी लिहीत नसे. आईने सांगितल्याशिवाय ती विचारणार नव्हती. आईसारखीच.

आणि मग ती संध्याकाळ. आणि सकाळ.

मी तिला हाक मारली, हात लावला, कळलं. थोडा वेळ तिथेच बसून राहिलो. मग शेजारच्या बायकांना बोलावलं. उन्हं वर येईपर्यंत अंगण भरलं. पुरुष बांबू घेऊन आले, कोणी गोवऱ्या काढल्या. बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. दादा पडवीत बसला होता, चार म्हातारे शेजारी. कोणाला कळवायचं, कोणाला नाही, असं चाललं होतं. मुलीचं नाव कोणी घेत नव्हतं. दादासमोर कोण घेणार?

मी आतून बाहेर आलो आणि पायरीवर उभा राहिलो.

"दादा, मी आचऱ्याक जातंय. तार करूक. माझां चेडू येतलां. शिव ओलांडून येतलां नि ह्या घरात येतलां. तुका अडवूचां तर अडव."

नाहीतर काय, ते मी बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. घर त्याचं, बाग त्याची, मी त्याच्या जिवावर जगलेला माणूस. ती असती तर म्हणाली असती, एवढ्या लोकांत नको, थांबा. पण ती आत हिरव्या लुगड्यात होती, आणि मला तिच्यासारखं थांबता येत नाही.

एक म्हातारा म्हणाला, "अरे, मयत घरात ठेवन खंय चाललंस? कोणाकय धाड."

"माझ्या चेडवाक मीच सांगतलंय," म्हटलं, आणि निघालो.

वाटेत कोण भेटलं ते आठवत नाही. तिचं तोंड बघायला मुलगी पोचणार नव्हती, मुंबईहून येणार कशी? पण दिवसांना येईल. घरात बसून आईसाठी रडेल. ओहळापलीकडे उभी राहून नाही. एवढंच डोक्यात.

आचऱ्याचं पोस्ट नुकतंच उघडलं होतं. मास्तरांनी कागद पुढे ओढला.

"मजकूर सांगा."

"आई गेली. घरी ये."

"एवढंच?"

"एवढंच. 'घरी' नीट लिहा."

त्यांनी लिहिलं. पत्ता लिहिला. मग टाक शाईत बुडवून विचारलं, "पाठवणाऱ्याचं नाव?"

मी तोंड उघडलं, आणि मागून कोणीतरी नाव सांगितलं. माझं नव्हे. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव.

वळून बघितलं तर दारात दादा. डोक्याला टोपी नाही, पायात काही नाही. टोपीशिवाय तो पडवीतूनसुद्धा उतरत नसे. धापा टाकत होता. वाटभर माझ्या मागे चालला असणार, मला कळलंच नाही.

"तू कित्याक इलंस?"

"तुझ्या नावान ती येवची नाय," दादा म्हणाला. "तिका माझो शब्द म्हायत आसा."

"नि देव? नारळ ठेवलंस तो?"

"देवाक काय ता मी सांगतंय." त्याने दाराची चौकट धरली. "तू तार बग."

मास्तरांनी त्याचं नाव लिहिलं आणि तार वाचून दाखवली. दादा म्हणाला, "परत वाचा." त्यांनी परत वाचली. मग आम्ही दोघं घरी आलो, आणि मी तिला तिरडीवर ठेवायला उचलली.